टाचणीएवढं भोक

"आधी वारा बाहेर, मग पाणी आत."

फुंकरमामा हे दिवसातून किती वेळा म्हणत असे, त्याला गणती नाही. रेडिएटर भरताना म्हणे, घरातल्या न्हाणीची नळी जोडताना म्हणे, आणि बायको रागाने फुरफुरत शेजारून परत आली की तिला खुर्चीवर बसवून, सगळं बोलू देऊन, पाण्याचा पेला पुढे करतानाही म्हणे. बायकोला त्याचा संताप येई. मग पाणी पिऊन झाल्यावर हसूही येई.

तो मामा कुणाचाच नव्हता, कारण त्याला बहीण नव्हती. आणि फुंकर हे काही आडनाव नव्हे. ते त्याच्या कामातून आलं. उतारावरच्या एका अरुंद गल्लीत त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीला टांगलेले जुने रेडिएटर मधमाश्या सोडून गेलेल्या पोळ्यांसारखे दिसत. दुकानात आलेली कोणतीही नळी मामा आधी फडक्याने पुसायचा, तोंडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि फुंकायचा. वारा कुठे अडतो, कुठे गळतो, कुठे नुसताच रेंगाळतो, हे त्याच्या गालांना कळायचं. गळकं भोक तो कथलाचा डाग देऊन बुजवी, आणि तुंबलेलं भोक गिरमिटाने मोकळं करी. चाळीस वर्षं हेच केलं. हवेच्या दाबाचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असे. त्याला काही कळत नाही, ते नुसतं ढकलतं, असं मामा म्हणायचा.

पण गेल्या वर्षापासून फुंकर अपुरी पडू लागली होती. कथलाचा धूर, तेजाबाची वाफ, सगळं छातीत जाऊन बसलं होतं. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरून बोटाने दाखवलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, वजन बरोबर आहे."

चिठ्ठी कथलाच्या डब्याखाली गेली. मामा आजाराला जितका भ्याला नव्हता, तितका त्या दिवसाला भ्याला होता, ज्या दिवशी कुणी म्हणेल की मामाची फुंकर आता खरी राहिली नाही.

त्यातच मुलीच्या गाडीचं काम आलं.

मुलगी एकुलती एक. लहानपणच्या तापाने उजव्या पायातली ताकद गेली, ती गेलीच. कुबडी घेऊन चालायची, पण जिभेला कुबडी लागत नव्हती. पाणी तपासायचं शिक्षण तिने घेतलं आणि डोंगरापलीकडच्या गावात प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. त्या गावाला बस दिवसातून दोनदा, आणि बसची पायरी तिच्या कमरेएवढी. तेव्हा तिला तिची गाडी हवी होती, आणि ती दुकानात तयार मिळण्यातली नव्हती. ती तिच्यापुरती बनवावी लागणार होती.

गल्लीच्या तोंडाशी पत्रेवाला होता, मामाचा पंचवीस वर्षांचा मित्र आणि तितक्याच वर्षांचा टवाळ. त्याच्याकडे एक जुनी, लांब नाकाची, बुटकी गाडी होती. दुसरीकडून त्याने मागून चेपलेल्या एका व्हॅनचं इंजिन आणलं, सोबत आपोआप पडणारे गिअर. वेग आणि ब्रेक दोन्ही हाताच्या दांडीवर घेतले, दाबली की वेग, ओढली की ब्रेक. मुलगी रोज संध्याकाळी येऊन बसायची आणि दांडी अजून बोटभर जवळ हवी, अजून बोटभर, असं करत त्या दोघांना नाचवायची.

अडचण पाण्याची होती. इंजिन उंच आणि गाडीचं नाक बुटकं. त्यामुळे रेडिएटर खाली राहिला आणि इंजिनाचं डोकं त्याच्या वीतभर वर गेलं. पाण्यातला वारा नेहमी उंच जागा शोधतो. तो इंजिनाच्या डोक्यात जाऊन बसला असता, आणि जिथे लोखंड सगळ्यात जास्त तापतं नेमकं तिथेच पाणी पोचलं नसतं. यावर उपाय म्हणजे एक्स्पान्शनची टाकी. ती सगळ्यांच्या वर बसवायची, अर्धी भरायची, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि त्याला फुगायला जागा लागते. टाकीच्या पोटातून एक जाड नळी पंपाच्या ओढत्या तोंडाला द्यायची. इंजिनाच्या डोक्यातून एक बारीक नळी टाकीच्या गळ्याशी आणायची, म्हणजे अडकलेला वारा तिच्यातून वर येतो. वरून दाबाचं झाकण.

मामाने टाकी पितळेची केली. एका जुन्या बसच्या रेडिएटरचा माथा कापला, त्याला तळ जोडला, आणि डाग असे दिले की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. बारीक नळी तांब्याची, एकाच वळणाची, सतत चढत गेलेली, मध्ये कुठे खोलगट नाही. टाकी बसली, आणि बोनेट दोन बोटं उघडं राहिलं.

"टाकी खाली घे," पत्रेवाला म्हणाला.

"टाकी खाली येणार नाही. बोनेट वर जाईल."

"मग गाडीला टेंगूळ येईल."

"येऊ दे. टेंगूळ आलेली पोरगी लग्नाला नको, गाडी चालेल," मागून मुलगी म्हणाली. पत्रेवाल्याने हसत हसत टेंगूळ ठोकून काढलं.

नळ्या जोडायच्या त्या सकाळी मामाने इंजिनाच्या डोक्यावरचं बारीक नळीचं तोंड काढून हातात घेतलं. लोखंडी, करंगळीएवढं. पुसलं, ओठाला लावलं, फुंकलं. वारा जाईना. म्हणजे अगदीच जाईना असं नाही, पण धाग्याएवढा जाई. एरवी अशा नळीतून तीन मोजेपर्यंत छाती रिकामी व्हायची. मामाने अकरा मोजले, कानात दडे बसले, तरी छाती भरलेलीच.

पत्रेवाला दारात उभा होता. "काय मामा, दम संपला?"

गमतीत म्हणाला. पण मामा हसला नाही. भोक तुंबलं आहे की आपणच? त्याने तोंड उजेडात धरून बघितलं. आत टाचणीएवढं भोक. साचलेलं, दुसरं काय असणार. चाळीस वर्षांत त्याने बारीक भोक पाहिलं ते तुंबलेलंच पाहिलं होतं. त्याने गिरमिट घेतलं आणि ते भोक आरपार मोठं केलं. लोखंडाचा भुगा मांडीवर पडला. पुन्हा फुंकलं. तीन मोजले आणि छाती रिकामी. जीव भांड्यात पडला. पत्रेवाला केव्हाच निघून गेला होता.

पंधरा दिवसांनी गाडी निघायची वेळ आली. अंगणात इंजिन तासभर चालवून पाहिलं, काटा मध्यावर शहाण्यासारखा उभा. पिशव्या, गादी, पुस्तकांचं खोकं मागे चढलं. मुलीची आई गाडीला एक फेरी घालून आली आणि मामापुढे उभी राहिली.

"रस्त्यात बंद पडली तर ती एकटी काय करणार? खाली उतरून बोनेट उघडायचं म्हटलं तरी एक हात कुबडीला. टाकी तुम्ही लावलीत. तुम्ही सांगा, जाऊ देऊ?"

"जाऊ दे," मामा म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि त्या क्षणापासून त्याला चैन पडेना. "पहिल्या खेपेला मी बरोबर जातो. बसने परत येईन."

"पोचवायला येताय की पहारा द्यायला?" मुलीने विचारलं.

"पुस्तकं सांभाळायला."

सपाटीवर गाडी सुरेख चालली. मुलीचा हात दांडीवर असा होता, जसा एखाद्या ओळखीच्या जनावराच्या मानेवर असावा. मामा मात्र रस्ता बघतच नव्हता. त्याचे डोळे काट्याला चिकटलेले होते. डोंगर सुरू झाला. पहिलं वळण, काटा मध्यावर. दुसरं वळण, मध्यावर. तिसऱ्या वळणानंतर लांब चढ होता, मुलीने दांडी आणखी दाबली, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि काटा मध्य सोडून तांदळाच्या दाण्याएवढा वर सरकला.

"सरकला," मामा म्हणाला.

"बाबा, चढ आहे. थोडा सरकणारच."

"थांबव."

"पुढे जागा आहे तिथे थांबते."

पुढची जागा येईपर्यंत काटा लाल पट्टीला टेकला. रस्त्याकडेला थोडी सपाट जमीन होती, तिथे गाडी उभी राहिली. बोनेटच्या टेंगळाखालून वाफेची शिट्टी येत होती. मामाने बोनेट उघडलं. पितळेची टाकी घुमत होती, झाकणातून पाणी थुंकत होतं.

तापलेलं झाकण उघडता येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नुसतं थांबायचं. मुलगी कुबडी टेकत खाली आली आणि दगडावर बसली. खाली दरीत रस्त्याची वळणं दिसत होती. एखादी मोटार जाई, आतली माणसं बघत, पुढे जात. मामा उभाच होता. जाऊ दे, हा आपला शब्द त्याच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होता.

"सांधा सुटला असेल," मुलगी म्हणाली.

"माझा सांधा सुटत नाही."

"मग पंप गेला असेल."

मामाने फडकं गुंडाळून आधी जाड नळीवर हात ठेवला, मग बारीकवर. बारीक नळी जाड नळीइतकीच पोळत होती. त्या नळीतून वाऱ्याचे चार बुडबुडे आणि त्यांच्याबरोबर घोटभर पाणी यायचं. ती एवढी तापावी कशाने? मामाच्या मांडीवर त्या सकाळी पडलेला लोखंडाचा भुगा त्याला आठवला. त्याने हात काढून घेतला.

तासाभराने झाकण उघडण्याइतकं निवलं. कमी झालेलं पाणी मामाने डब्यातून हळूहळू टाकीत ओतलं. "चालू कर. वेग जरा दे."

मुलीने आत बसून दांडी दाबली, आणि मग बसल्या जागेवरून मान लांब करून विचारलं, "काय दिसतंय?"

"तूच ये बघायला."

ती आली. बारीक नळीतून पाणी नळ सोडल्यासारखं टाकीत पडत होतं. टाकीतलं पाणी घुसळून पांढरं झालं होतं.

तिचं शिक्षणच पाण्याचं. ती थोडा वेळ बघत राहिली. "हा नुसता फेस आहे, बाबा. पंप फेस गिळतोय. आणि गरम पाणी रेडिएटरला चुकवून इथूनच परत पंपाकडे जातंय, ते गार कधी होणार? पण एवढं पाणी येतंच कसं? त्या तोंडाचं भोक बनवणाऱ्यांनी इतकं मोठं कशाला ठेवलं असेल?"

"त्यांनी नाही ठेवलं."

"म्हणजे?"

"त्यांनी टाचणीएवढं ठेवलं होतं. मी मोठं केलं. फुंकर जाईना म्हणून."

"तुंबलं होतं?"

"नव्हतं तुंबलं. आत्ता कळतंय. ते मुद्दाम बारीक ठेवलेलं होतं."

मुलीने आत जाऊन इंजिन बंद केलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा रागाने घट्ट झाला होता. "चाळीस वर्षं काम केलंत. भोक बारीक का आहे, हा प्रश्न नाही पडला?"

"पडला. पण दुसराच पडला." मामाने फडक्याची घडी घातली, मोडली. "मला वाटलं, भोक बरोबर आहे आणि माझीच छाती संपली. तसं असू नये म्हणून गिरमिट मारलं."

"तुमच्या छातीला काय झालंय? डॉक्टर म्हणाले होते ना, वजन बरोबर आहे?"

"तेही म्हणाले."

वारा खालून वर येत होता. मुलगी कुबडीच्या मुठीवर अंगठा घासत राहिली. शेवटी म्हणाली, "आता काय करायचं? परत खाली?"

परत खाली म्हणजे काय, ते दोघांना ठाऊक होतं. तिची आई पुन्हा गाडीला फेरी घालणार, आणि या वेळी मामाला विचारणार नाही. गादी खाली उतरेल, पुस्तकं उतरतील, आणि डोंगरापलीकडची जागा दुसऱ्या कुणाला मिळेल.

"पक्कड आहे," मामा म्हणाला. "नळी तांब्याची आहे. एका जागी चिमटली तर भोक बारीक होईल."

"किती बारीक?"

"होतं तितकं."

"आणि ते किती होतं हे कसं कळणार?"

"मला माहीत आहे. अकरा मोजले तेव्हाही छाती भरलेली होती."

त्याने नळी सोडवली, पुसली, मध्यावर पक्कड लावून हलके दाबली. तांबं एकदा जास्त दाबलं की चिरतं, आणि दुसरी नळी जवळ नव्हती. तोंडाला लावली. मोजता मोजता फुंकणं एरवी त्याला सहज जमे. आज आकडे छातीत अडकू लागले.

"तुम्ही फुंका. मी मोजते," मुलगी म्हणाली. "एक. दोन. तीन. चार." छाती रिकामी.

आणखी दाबली. "पाच. सहा. सात." रिकामी. मामाला ढास लागली. तो वाकून, गाडीच्या कडेला धरून खोकत राहिला. मुलीने हात पुढे केला. "द्या इकडे. मी फुंकते."

"तुझी फुंकर त्या दिवशी तिथे नव्हती."

तिने हात मागे घेतला. तो दगडावर बसला, श्वास जागेवर येईपर्यंत दरीकडे बघत राहिला. आणखी दाबली, केसाएवढी. फुंकलं, आणि वारा अजिबात जाईना. मुलीने मोजणं सुरूही केलं नाही. मामाने पक्कड आडवी फिरवली आणि चपटलेल्या जागेच्या दोन्ही कडा दाबल्या, इतक्या जपून, जशी माणसं पिलाची चोच उघडतात. नळी कुरकुरली. चिरली नाही. पुन्हा ओठाला.

"एक," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन. तीन."

आठला त्याच्या कानात दडे बसले. नऊला डोळ्यांत पाणी आलं. "दहा. अकरा." त्याने नळी काढली आणि उरलेला वारा हवेत सोडला. उरला होता.

नळी जागेवर बसली. टाकीत पाणी, निम्म्यापर्यंतच. मामा जाड नळी हाताने दाबून दाबून आतले बुडबुडे वर काढत होता. "आधी वारा..." तो म्हणाला आणि पुढचे शब्द धापेने खाल्ले. एरवी मुलीने ते वेडावून पुरे केले असते. आज ती शांतपणे पाणी ओतत राहिली. इंजिन सुरू झालं तेव्हा बारीक नळीतून पाण्याची एक धाग्याएवढी धार आणि मधूनच एखादा बुडबुडा येत होता. दोघं ती धार बघत राहिली. मग झाकण लागलं.

चढ तोच होता. काट्याने मध्य गाठला. लांब चढावर मुलीने दांडी दाबली तेव्हा मामाने दाराची कडी घट्ट धरली. काटा हलला, दाण्याएवढा वर गेला. तिथेच थांबला. पुढचं वळण, तिथेच. त्याच्या पुढचं, तिथेच. मामा काट्यावरून नजर काढायला तयार नव्हता. पण एकदा त्याला सहज जाणवलं की मुलगी काट्याकडेही बघत नाही आणि रस्त्याकडेही पुरतं बघत नाही. त्याच्या छातीतून येणारी शिट्टी ती ऐकत होती, आणि दर वळणाला तिची नजर एकदा त्याच्यावर येऊन जात होती.

माथ्यावर दोन्ही गावांची हद्द सांगणारा दगड आहे. तिथे मामा म्हणाला, "थांबव. मी उतरतो."

"आता काय झालं?"

"काही नाही. इथून उतार. गाडी तापणार नाही."

"तुम्ही गावापर्यंत येणार होतात."

"मी असलो की तू माझ्याकडे बघतेस. काट्याकडे बघायला कुणी राहत नाही."

"आणि परत कसे जाणार?"

"दोन वळणं खाली बसचा थांबा आहे. मलाही उतारच आहे."

मुलगी भांडायच्या तयारीत होती. पण नुसती म्हणाली, "डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेलच. कुठे आहे?"

"कसली चिठ्ठी?"

"बाबा."

"कथलाच्या डब्याखाली."

"संध्याकाळी मी फोन करीन. तोपर्यंत आईला तुम्ही सांगितलेलं असलं पाहिजे. मी नाही सांगणार."

"पुढच्या सुट्टीला गाडी घेऊन ये. त्या तोंडात डाग भरून टाचणीचं भोक पाडून देतो. चिमटलेल्यावर फार दिवस काढू नकोस."

"आधी दवाखाना. मग डाग."

मामा दार उघडून उतरला. बोनेटच्या टेंगळावर तळवा ठेवून ऊब किती आहे ते बघितलं, आणि आल्या रस्त्याने खाली चालू लागला.

मुलीने इंजिन बंद केलं नाही, पण दांडीही दाबली नाही. समोरच्या छोट्या आरशात ती बघत राहिली. तो हात मागे बांधून, कडेकडेने चालला होता. पहिल्या वळणाच्या अलीकडे एकदा थांबला, कठड्याला टेकला. ती मनात मोजू लागली. चार झाले, सहा झाले, नऊ झाले. अकराच्या आत तो उठला आणि वळणाआड गेला. रिकामा रस्ता आरशात तसाच राहिला. मग तिने काट्याकडे पाहिलं, आणि दांडी दाबली.